आडवा झालेला कप आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा सिनेमाच्या पडद्यासाठी काचेवर जाहिराती रंगवणे (सध्या बंद, कारण काचा बंद, थिएटर बंद आणि हातही अधूनमधून बंद), राहणार याच घरी, बसणार याच खिडकीशी, आज सकाळी न्याहारी करून, औषध घेऊन आणि चष्मा शोधून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तरुणपणीही फारसं ठिकाणावर नसायचं असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे, पण कायद्याला जेवढं लागतं तेवढं आहे, असं शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. "दातांच्या डॉक्टरला डोक्यातलं काय कळतं?" असं माझा मुलगा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "दात असतात कुठे मग?"

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सौ. आतल्या खोलीतून "अजून पहिलंच कलम चाललंय का?" असं विचारते आहे, पण तो दबाव नव्हे, ती सवय आहे.

वकीलबाईंनी मला एक छापील नमुना दिला होता. दीड पानाचा, आणि त्यात एकही विशेषण नाही. मी म्हटलं, माझं आयुष्य गाळलेल्या जागा भरून मावायचं नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, काय लिहायचं ते लिहा, फक्त कोणाला काय देताय ते स्पष्ट लिहा." तेव्हा स्पष्ट लिहितो.

कलम पहिले. घर. हे तीन खोल्यांचं घर माझ्या पश्चात सौ.चं. तिच्या पश्चात लेक आणि मुलगा यांचं, निम्मं निम्मं. मधल्या खोलीतली पूर्वेची खिडकी मात्र कोणी बुजवू नये. तिथे कपाट करायचं मुलाच्या मनात आहे. ते कपाट त्याच्या मनातच राहावं. त्या खिडकीतल्या उजेडावर मी काच धरून रंग पारखले आहेत, आणि सकाळी दहा वाजता तिथून जो उजेड येतो तो वाटणीत घालता येत नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते सौ.चं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

कलम तिसरे. हत्यारं. खालून दिवा लागणारी काचेची पेटी, रंगांच्या सोळा बाटल्या, अकरा कुंचले, आणि बारावा तो तीन केसांचा, हे सगळं माझ्या लेकीला. ती शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा तिला सांगायला नको, पण बापाला सांगितल्याशिवाय राहवत नाही: तीन केसांचा कुंचला फक्त वाफेसाठी. त्याने दुसरं काही रंगवू नये, रुसतो.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सिनेमाच्या मध्यंतरात, लोक उठायच्या आत, पडद्यावर रंगीत काचेचं चित्र पडायचं. एक कप, एक बशी, वर वाफ, खाली दोन ओळी. लोक ते पाहत आणि बाहेर चहाच्या खिडकीकडे धावत. ती वाफ माझी. या शहरात तेवीस वर्षं पडद्यावर जी वाफ निघाली ती सगळी माझी. वाफ काढणं सोपं नाही. जरा हात जड पडला की धूर होतो, आणखी जड पडला की कपाला आग लागल्यासारखी दिसते. वाफेच्या बटा तीन असाव्यात. मधली उंच, डावी लाजरी, उजवी घाईत. चार काढल्या की पाणी उकळलेलं वाटतं, दोन काढल्या की कोणीतरी अर्धा कप पिऊन ठेवलेला.

चहा, कॉफी, कोको, तिन्ही कंपन्यांचं काम मी केलं आणि तिघांनाही एकच कप दिला. फक्त आतला रंग बदलायचो. एकदा तपकिरी संपला तेव्हा तिन्ही एकाच रंगात गेले, आणि तिन्ही कंपन्यांनी "आमचा रंग आता कुठे जमला" असं कळवलं. उभ्या आयुष्यात मी लोकांना चहाच्या तलफेला लावलं, आणि लग्न केलं ते कॉफी पिणारीशी. या घरात चहा होत नाही. "तुमचा चहा पडद्यावर बघितला, पोट भरलं," असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. तेही इथे नोंदवून ठेवतो.

कलम चौथे. शाळेतलं कवितेचं पुस्तक, मागचं पान फाटलेलं, ते माझ्या नातीला. आमचे गुरुजी टेबलावर पट्टीने ठेका धरून वृत्तं शिकवत. ल गा गा, ल गा गा. बाकीची मुलं पट्टीला घाबरली, मी ठेक्याच्या प्रेमात पडलो. पुढे काच हातात आली तेव्हा कंपनीवाले म्हणत, "नाव लिहा, ‘गरमागरम’ लिहा, बास." मी त्यांना भुजंगप्रयातात लिहून द्यायचो. माझ्या सगळ्या ओळींत मला आवडती ती ही:

उठा, मंडळी, घ्या चहाचा पियाला
कथेला विसावा जरासा मिळाला

या दोन ओळींचं पुढे काय झालं ते सहाव्या कलमात येईल. नातीला पुस्तक एका अटीवर: महिन्यातून एक कविता मोठ्याने म्हणायची. मनातल्या मनात नाही. मनातल्या मनात कविता म्हणजे थंड झालेला चहा.

कलम पाचवे. राग. हेही माझ्या मालकीचे आहेत आणि त्यांची विल्हेवाट लावणं भाग आहे.

थिएटरमधला चहावाला माझी वाफ दाखवून लोकांना कोमट पाणी पाजायचा. त्याला माफ केलं. तो गेला, आणि शेवटपर्यंत मला मात्र साखर जास्त घालून द्यायचा.

सौ.चे बंधू आमच्या लग्नात पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "जावई वाफेवर जगतो." त्यांना पांढऱ्या रंगाची रिकामी बाटली द्यावी. कारण विचारलं तर सांगू नये.

कोको कंपनीच्या ज्या अधिकाऱ्याने "तीनऐवजी दोन बटा काढा, रंग वाचेल" असं लिहून पाठवलं, त्याला माफी नाही.

आणि डावऱ्याची छत्री. डावऱ्या म्हणजे थिएटरचा जुना ऑपरेटर, हल्ली गल्लीच्या टोकाला त्याचं इस्त्र्या-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. गेली एकेचाळीस वर्षं मी घरीदारी सांगत आलो की डावऱ्याशी मी बोलत नाही, कारण त्याने माझी छत्री नेली ती परत केली नाही. छत्री आमच्या माळ्यावर आहे. त्याने ती कधी नेलीच नव्हती. खरं कारण पुढच्या कलमात लिहितो, आणि हे सगळं मृत्युपत्र खरं म्हणजे त्या कलमासाठी लिहितो आहे. घर काय, ते ज्याचं त्याला जातंच.

कलम सहावे. कबुली. पडद्यावर टाकायची काच चौकोनी असते, तळहाताएवढी, चारी बाजू सारख्या. यंत्रात ती डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा पडद्यावर सरळ येते. ऑपरेटरची खोली अंधारी, आणि काच चारांतल्या कुठल्याही बाजूने आत शिरते. म्हणून रंगवणारा एका कोपऱ्यात जाड रंगाचा ठिपका देतो, हाताला लागेल असा. ऑपरेटरने ठिपक्यावर अंगठा ठेवायचा आणि काच सरकवायची. पाहायची गरजच नाही. सगळ्या जगासाठी हा ठिपका उजव्या अंगठ्याच्या जागी असतो. आमचा ऑपरेटर डावखुरा. त्याच्यासाठी मी तो दुसऱ्या कोपऱ्यात, डाव्या अंगठ्याच्या जागी द्यायचो. हे आम्हा दोघांतच होतं. नऊ वर्षांत त्याच्या हातून एक काच वाकडी गेली नाही. तो मला "कवी" म्हणायचा, आणि मध्यंतर झालं की खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "कवी, आज वाफ जरा जास्तच गरम होती का रे?"

एका दुपारच्या खेळाला चहा कंपनीचे साहेब स्वतः येणार होते. काच पसंत पडली की बारा थिएटरांचं काम मला मिळणार होतं. त्या सकाळी काच तयार होती, पहिली ओळही झाली होती, पण ‘पियाला’ला यमक बसेना. हातात ठिपक्याचा कुंचला, आणि तेवढ्यात ‘मिळाला’ मिळाला. त्या आनंदात मी ठिपका देऊन टाकला. लाल ठिपका. (या शब्दाची दुरुस्ती खाली आहे.) दिला तो जगाच्या कोपऱ्यात. डावऱ्याच्या नाही.

मध्यंतर झालं. पडद्यावर कप आला तो आडवा. वाफ भिंतीकडे सरपटत निघालेली, आणि माझं भुजंगप्रयात मुंग्यांच्या रांगेसारखं पडद्यावर चढत होतं. चारशे माणसांनी एकदम माना कलत्या केल्या. साहेबांनीही केली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, सांडला ना!" दुसरा म्हणाला, "बशी धरा, बशी!" मग जे हसू उठलं ते मध्यंतर संपलं तरी बसेना.

मॅनेजर जिना चढून वर गेला, मी त्याच्या मागे. डावऱ्याच्या हातात ती काच होती, दिव्याखाली धरलेली. त्याने काचेकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"झोपला होतास का?" मॅनेजरने विचारलं.

"हो," डावऱ्या म्हणाला. "डुलकी लागली."

माझं वाक्य तयार होतं. चूक माझी आहे. तीनच शब्द. ज्याला अख्खं वृत्त जुळवता येतं त्याला हे तीन शब्द जुळवता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी डावऱ्याची नोकरी गेली. चित्र चांगलं होतं, ऑपरेटर निष्काळजी, असं साहेब म्हणाले आणि मला बारा थिएटरं मिळाली. हे घर त्या कामातून उभं राहिलं.

त्या संध्याकाळी काच कागदात गुंडाळून माझ्याकडे परत आली. ठिपका नव्हता. नखाने खरवडून काढलेला होता, कोणाला पुरावा सापडू नये असा. म्हणजे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं होतं हे मला कळलं. पहिला आठवडा लाजेत गेला. मग दोन महिन्यांनी सांगायचं म्हणजे दोन महिने का सांगितलं नाही तेही सांगायला हवं. असं करत करत एकेचाळीस वर्षं. मी दुकानावरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने जातो. आमची इस्त्री बिघडली की सौ. ती त्याच्याकडे नेते. ती दुरुस्त होऊन येते, माझ्याबद्दल एक शब्द येत नाही.

कलम सातवे. ती काच, ठिपका नसलेली, माझ्या पश्चात डावऱ्याला.

कलम आठवे. माझ्या मागे भाषणं नकोत. एखाद्याला राहवलंच नाही तर मध्यंतराएवढी, म्हणजे दहा मिनिटं. आलेल्यांना चहा द्यावा आणि तो खरोखर गरम असावा, माझी अब्रू आहे. नातीने वरच्या दोन ओळी मोठ्याने म्हणाव्यात. मुलाने त्या वेळी गंभीर चेहरा करू नये, त्याला तो जमत नाही, पोट दुखल्यासारखा दिसतो.

इथवर मागच्या शुक्रवारी लिहून झालं. वकीलबाईंनी वाचलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण?"

"दातांचे डॉक्टर आणि डावऱ्या," मी म्हटलं.

"आजोबा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. त्याला दिलेलं रद्द होतं. काच द्या नाहीतर सही घ्या. दोन्ही नाही."

मला दोन्ही हवं होतं. काच त्याची आहे. पण त्याची सही नसेल तर माझी कबुली म्हणजे मेलेल्या माणसाने मागे ठेवलेली चिठ्ठी. मला ती जिवंतपणी, त्याच्या तोंडासमोर व्हायला हवी होती. आणि तो येईल की नाही ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो.

सोमवारी सहाव्या कलमाची नक्कल करून डावऱ्याकडे पोचवायला लेकीच्या हाती दिली.

"बाबा, तुम्हीच जा ना," ती म्हणाली. "चाळीस पावलं आहेत."

"एकेचाळीस," आतून सौ. म्हणाली. "वर्षाला एक."

तिला सगळं माहीत होतं हे मला त्या क्षणी कळलं. बायको इतकी वर्षं छत्रीवर विश्वास ठेवते असं समजणारा माणूस मीच.

मंगळवारी काही नाही. मी खिडकीशी बसून होतो. बुधवारी सौ. दुरुस्त झालेली इस्त्री घेऊन आली, तिच्या वायरीत माझाच कागद खोचलेला. खाली शिसपेन्सिलीने, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

"ठिपका लाल लिहिला आहेस. हिरवा होता. दोन दिवस नखातून निघाला नाही. खरं लिहायचं तर नीट लिही."

त्यानुसार सहाव्या कलमात ‘लाल’ऐवजी ‘हिरवा’ असं वाचावं.

आज गुरुवार. वकीलबाई आणि डॉक्टर दहा वाजता आले, आणि सव्वादहाला डावऱ्या दारात उभा राहिला. कडक इस्त्रीचा सदरा. वकीलबाई म्हणतात पुढचा मजकूर कायद्याला लागत नाही. मला लागतो.

"या, बसा," सौ. म्हणाली. "छत्री आणली का?"

"कुठली छत्री, वहिनी?"

"तीच हो, आमच्या माळ्यावरची."

तो बसला. माझ्याकडे पाहिलं. "कवी, म्हातारा झालास."

"तू नाही वाटतं?"

"आम्ही दुरुस्तीवाले. आम्ही नुसते जुने होतो."

मग मी ते तीन शब्द म्हटले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, कविता म्हणावी तसे. नात आसपास नव्हती ते बरं, आवाज फाटला.

"माहीत आहे," डावऱ्या म्हणाला. "मी काय उजवा आहे का?"

"मग खरवडलास का?"

"मॅनेजर काच मागत होता. तुझं पोरगं सहा महिन्यांचं, मी सडाफटिंग. आणि मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तू येऊन सांगशीलच."

"मग?"

"मग काय. संध्याकाळ जरा लांबली."

डॉक्टरांनी उगाच चष्मा पुसायला घेतला. वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, काच की सही, ठरवा."

"मेल्यावर कशाला?" डावऱ्या म्हणाला. "देतोयस तर आत्ता दे. हातात दे. मग मी सहीला मोकळा." वकीलबाईंनी जरा विचार केला आणि मान डोलावली. दातांच्या डॉक्टरांनीही डोलावली, कोणी विचारलं नव्हतं तरी.

मी पेटीतून काच काढून दिली. त्याने ती डाव्या हातात घेतली, अंगठा कोपऱ्यावर फिरवला आणि परत पुढे केली. "ठिपका कुठाय?"

हिरव्या रंगाची बाटली सुकून गेली होती. लेकीने टर्पेंटाइनचे दोन थेंब घालून ती घोळवली. माझा हात काचेपर्यंत नीट गेला आणि तिथेच बंद पडला. डावऱ्याने माझं मनगट धरलं. ठिपका पडला. या वेळी मी यमक शोधत नव्हतो.

रंग वाळेपर्यंत थांबावं लागलं. सौ. उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा. या घरात, तिच्या हातचा. वाईट होता, पाणी जास्त, साखर कमी. आम्ही दोघांनीही आणखी एक कप मागून घेतला.

मग डावऱ्याने काच खिडकीशी धरली. दहाचा उजेड अजून थोडा उरला होता. याच कागदावर, सहीच्या जागेच्या जरा वर, एक रंगीत कप येऊन बसला. सरळ. त्याच्यावर तीन बटा, मधली उंच.

सबब, कलम सातवे रद्द, वस्तू पोचली. कलम पाचव्यातला छत्रीचा मजकूर रद्द. घर, हत्यारं, पुस्तक, खिडकी आणि रिकामी बाटली वर लिहिल्याप्रमाणे. बाकीचं मध्यंतरानंतर.

ठिकाण: राहतं घर, मधली खोली, खिडकीशी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१७, गुरुवार

सही
(काचेवर वाफ काढणारा)

साक्षीदार पहिला: शेजारचे दातांचे डॉक्टर. सही करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. डोकं आणि दात, जेवढे आहेत तेवढे, ठीक आहेत.

साक्षीदार दुसरा: इस्त्री-पंखे दुरुस्तीवाला, पूर्वी थिएटरचा ऑपरेटर. सही डाव्या हाताची आहे, खोटी समजू नये. या गृहस्थांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, सही केली. ठिपका बरोबर कोपऱ्यात आहे. अंगठा ठेवून पाहिला आहे.